शिलेदाराकडे न बघणारी बाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचं ‘द नाइट एरंट’ हे १८७० सालचं तैलचित्र कोणत्या दंतकथेवरचं आहे? त्यातली बांधलेली बाई तिला सोडवणाऱ्या माणसाकडे बघत का नाही? तिचं मूळ डोकं कापून भलत्याच चित्रात बसवलंय म्हणतात, ते खरं की थाप? विचारणारा स्वतः तैलरंगात काम करतो, म्हणून जाताजाता चिलखत कसं रंगवायचं तेही त्याने विचारून घेतलंय.

मी जुनी तैलचित्रं दुरुस्त करणारा माणूस आहे, कलेचा इतिहासकार नाही. त्यामुळे शेवटाकडून सुरुवात करतो. डोकं कापलं, हे खरं आहे. नुसतं डोकं नाही, धडाचा वरचा भागही. आणि कापणारा कुणी चोर किंवा नंतरचा मालक नव्हता, खुद्द चित्रकारच होता.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. उंची १८४ सेंटिमीटर, रुंदी १३५च्या आसपास. म्हणजे माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. रात्रीचं रान, पांढऱ्या सालीचं बर्चचं झाड आणि त्याला बांधलेली एक तरुणी. अंगावर कपडा नाही, कपडे खाली जमिनीवर पडलेत. झाडाआडून आलेला एक शिलेदार, पूर्ण पोलादी चिलखतात, तलवारीने तिच्या दोऱ्या कापतोय. तलवारीला रक्त लागलंय. मागे एक दरोडेखोर मरून पडलाय, बाकीचे पळतायत. मारामारी होऊन गेलेली आहे, चित्र तिच्यानंतरच्या क्षणाचं आहे. आणि त्या क्षणी तिने मान फिरवून तोंड पलीकडे वळवलंय.

‘शिलेदार’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन येतो, बारगीराला ते सरकारातून मिळतं. युरोपातला नाइटही घोडं-चिलखत बाळगून असलेला माणूस. ‘एरंट’ म्हणजे साहस शोधत भटकणारा. (शेतकऱ्यांची चित्रं काढणारा फ्रेंच मिये तो वेगळा. नावं सारखी दिसतात म्हणून नेहमी घोटाळा होतो.)

आता दंतकथा कोणती? कोणतीच नाही. शोधत बसू नका, मीही कधीकाळी बसलो होतो. लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा सूचिपत्रात त्यासोबत दोन ओळी होत्या: भटक्या शिलेदारांची संस्था विधवा आणि अनाथांच्या रक्षणासाठी, संकटातल्या कुमारिकांना मदत करण्यासाठी निघाली, अशा अर्थाच्या. वाचताना वाटतं एखाद्या जुन्या पोथीतलं असेल, पण त्या मिलेच्याच. शिलेदाराला नाव नाही, बाईला नाव नाही, रानालाही नाही. शेकडो कथांमध्ये असलेला प्रसंग त्याने घेतला आणि कथा वगळली.

याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली. का, ते दुसऱ्या दोन चित्रांवरून कळेल. १८१९ मध्ये फ्रान्सच्या अँग्रने खडकाला साखळीने बांधलेली नग्न अँजेलिका आणि तिला राक्षसापासून सोडवणारा रुजेरो रंगवला. आधार आरिओस्तो या इटालियन कवीच्या महाकाव्याचा. १८३३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम एटीने ब्रिटोमार्ट अमोरेटला सोडवते तो प्रसंग रंगवला. तिथे सोडवणारा शिलेदारही बाईच आहे, आणि आधार स्पेन्सर या इंग्रज कवीच्या काव्याचा. दोन्हींत मालमसाला तोच, बांधलेली बाई, पोलाद, शस्त्र. पण बघणाऱ्याला म्हणता येतं, “मी अँजेलिका बघतोय.” काव्याचं नाव म्हणजे पडदा. मिलेच्या चित्रापुढे उभं राहणाऱ्याला हा पडदा मिळत नाही. समोर दिसते ती एक बाई, आणि तीही संगमरवरी व्हीनससारखी गुळगुळीत नाही. कोणीतरी थंडीत उभी राहिली असावी असं अंग आहे.

‘रोमँटिक’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना पाऊस, छत्री आणि दोघं जण आठवतात. इथे तो अर्थ नाही. मध्ययुगातल्या या शिलेदारी कथांनाच ‘रोमान्स’ म्हणत, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या कवी-चित्रकारांना त्यांचं वेड लागलं त्याला पुढे ते नाव चिकटलं. काटेकोर बोलायचं तर १८७० म्हणजे ती लाट ओसरल्यावरचा काळ, आणि मिले १८४८ मध्ये स्थापन झालेल्या प्री-रॅफेलाइट या तरुण इंग्रज चित्रकारांच्या मंडळातला. पण इंग्लंडात चिलखताचं वेड लवकर उतरलं नाही. ते किती होतं याचा नमुना म्हणून १८३९ सालची एग्लिंटनची गोष्ट सांगतो. स्कॉटलंडमधल्या एका उमरावाने मध्ययुगीन पद्धतीच्या, घोड्यावर बसून भाले रोखून खेळायच्या झुंजी भरवल्या. खरी चिलखतं, खरे घोडे, बघायला प्रचंड गर्दी. आणि असा पाऊस कोसळला की चिलखतातल्या सरदारांवर छत्र्या धराव्या लागल्या. त्या काळातलं शिलेदारीचं प्रेम नेमकं कसलं होतं ते मला त्या छत्रीत दिसतं.

मिलेने याआधीही एकदा या वाटेवर हात पोळून घेतला होता. १८५७ मध्ये त्याने ‘सर इसंब्रास अॅट द फोर्ड’ दाखवलं. सोनेरी चिलखतातला म्हातारा शिलेदार लाकूडतोड्याच्या दोन पोरांना घोड्यावर घेऊन नदी ओलांडतोय. घोडा इतका मोठा झाला की लोक हसले. फ्रेडरिक सँडीज या चित्रकाराने लगेच त्याचं विडंबन छापलं, त्यात घोड्याचं गाढव. रस्किन या नावाजलेल्या कलासमीक्षकाने तर मिलेच्या हाताला आता उतरती कळा नाही, आपत्तीच आली आहे, अशा अर्थाचं लिहिलं. तेव्हाही मिलेने चित्र परत घेऊन दुरुस्त केलं. म्हणजे लोक काय म्हणाले ते ऐकून कॅनव्हास पुन्हा इझलवर चढवायची खोड जुनी.

इथे एक आडवळण, कारण ते आपल्या दारावरून जातं. त्याच १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. आठ वर्षांनी तिथे शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग यांच्या बायकोच्या एका बहिणीचा नवरा एडवर्ड बर्न-जोन्स, राजा आर्थरच्या कथा आयुष्यभर रंगवणारा. दुसऱ्या बहिणीचा नवरा एडवर्ड पॉइंटर, जो १८९६ मध्ये मिलेच्या मृत्यूनंतर रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. एक बहीण बोरीबंदराजवळच्या आवारात, दोघी लंडनच्या स्टुडिओंमध्ये. जे. जे.त जुन्या पद्धतीने प्लास्टरचे पुतळे रेखाटून घेत, ते पाणी कुठून आलं हे यावरून लक्षात येईल.

तर १८७०. चित्र लागलं, आणि विकलं जाईना. पहिल्या रूपात बाईचं तोंड शिलेदाराकडे होतं. चित्रकाराच्या मुलाने बापाचं चरित्र लिहिलंय, त्यात हे आहे: तोंड फिरवलं तर ती जास्त शालीन दिसेल असं मिलेला वाटलं. शालीन कोणाच्या नजरेत, हे वेगळं सांगायला नको. घरात आठ मुलं होती आणि भिंतीवर सहा फुटी न विकलेलं चित्र. धंदा करणाऱ्या चित्रकाराने काय करायचं?

बहुतेक जण वरून रंगवतात. आता माझ्या कामातली एक गोष्ट ऐका.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरातून आजीचं पोर्ट्रेट दुरुस्तीला आलं होतं. नऊवारी, नथ, डोक्यावर पदर. घरच्यांची तक्रार अशी की आजीच्या कपाळावर “भूत” उमटतंय. बघितलं तर पदराच्या आतून मधला भांग आणि कानावरचे केस हळूहळू वर येत होते. मूळ चित्रात आजी बिनपदराची होती. कोणीतरी, बहुधा घरातल्याच मोठ्यांच्या सांगण्यावरून, नंतर पदर रंगवून घेतला होता. तेलातला सफेदा वर्षानुवर्षं मुरतो तसा पारदर्शक होत जातो आणि खालची रेघ वर डोकावते. त्यातून आधीच्या दुरुस्तीवाल्याने मागून सुताराचा पांढरा गोंद फासला होता, तो काढता काढता माझा पावसाळा गेला. पदर मी काढला नाही. विचारलं, घरच्यांनी नको म्हटलं. टॉर्च आडवी धरून बघितलं की मूळ केसांच्या जाड रंगाची कड पदराखालून स्पष्ट उठून दिसायची. हात फिरवला तर बोटालाही लागायची.

वरून रंगवलं की हे असं होतं. मिलेला हे माहीत नसणं शक्यच नाही, तो अकरा वर्षांचा असताना अकादमीच्या शाळेत शिरलेला माणूस. डोकं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला वळवायचं म्हणजे नाक, गाल, मानेची शीर, खांद्याचा उतार, सगळं हलतं. जुन्या चेहऱ्याचा जाड सफेदा नव्या केसांच्या अंधाराखाली बसणार, आणि पन्नास वर्षांनी एखाद्या रात्री जुना गाल वर येणार. दुसरं कारण माझ्या मते जास्त खरं आहे: ते डोकं चांगलं जमलं होतं. जमलेलं डोकं पुसायला कोणाचा हात धजावत नाही. कापून ठेवलं तर निदान राहतं.

म्हणून त्याने तो भाग कापून काढला, त्या खिडकीत नवा कॅनव्हास बसवला आणि त्यावर तोंड फिरवलेली बाई रंगवली. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. जुना कॅनव्हास सरस आणि ग्राउंड (रंगाआधी कापडावर देतात तो पायाचा थर) पिऊन ताठ झालेला असतो, नवा कोरा. दोन्हींच्या धाग्यांची दिशा जुळवावी लागते, नाहीतर एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. आमच्याकडे मुंबईत तर पावसाळ्यात सरस ओलावा ओढून ढिला पडतो, हवा कोरडी झाली की पुन्हा ताणतो, आणि जोड कितीही मुरलेला असला तरी केसाएवढी रेघ दाखवतोच. मग जोडावर लुकण भरायचं, घासायचं, आणि जुन्या रंगाच्या पातळीला नवा रंग आणायचा. जाडी जुळली तरी चकाकी जुळत नाही, चकाकी जुळली तरी कातडीचा रंग एका छटेने गार येतो. मी लंडनला टेट या कलासंग्रहालयात या चित्रासमोर बराच वेळ उभा राहून शिवण शोधली. समोरून येणाऱ्या उजेडात मला ती सापडली नाही. पहारेकऱ्याला वाटलं असेल म्हातारा नग्न बाईकडे एवढं निरखून का बघतोय.

क्ष-किरणांत मात्र काही लपत नाही. तत्त्व साधं आहे. सफेदा शिशाचा, आणि शिसं क्ष-किरण अडवतं. जिथे सफेदा जास्त, म्हणजे कपाळ, गाल, छाती, तिथे फिल्म पांढरी येते. काळे-तपकिरी रंग जवळजवळ नसल्यासारखेच. शिवाय कापडाच्या विणीत ग्राउंड भरलेलं असतं म्हणून धागे मोजता येतात. एकाच चित्रात मध्येच वीण बदलली की समजायचं, इथे दुसरं कापड आहे. आम्ही डॉक्टरांसारखे फिल्म खिडकीला धरून बघायचो, आता संगणकावर बघतात, एवढाच फरक.

मग कापलेला तुकडा कुठे गेला? मिलेने तो दुसऱ्या कॅनव्हासला शिवला आणि त्यातून १८७१च्या सुमारास ‘द मार्टर ऑफ द सॉल्वे’ हे लहानसं चित्र तयार झालं. ते लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. चित्रातली मुलगी मार्गारेट विल्सन, खरी व्यक्ती. स्कॉटलंडमधल्या कव्हेनंटर पंथाची (धर्माच्या बाबतीत राजाचा अधिकार न मानणारे प्रोटेस्टंट), अठरा वर्षांची. राजाने मागितलेली शपथ घ्यायला नकार दिला म्हणून ११ मे १६८५ रोजी विगटाउनजवळ सॉल्वेच्या खाडीत तिला खांबाला बांधलं आणि भरती येऊ दिली. तिच्यासोबत एक वयस्क बाई होती, तिचंही नाव मार्गारेटच. म्हातारीला आणखी आत बांधलं होतं, ती आधी बुडताना दिसली की पोरगी घाबरेल म्हणून. ती घाबरली नाही, असं सांगतात.

मिलेला ही गोष्ट नवी नव्हती. १८६२ मध्येच त्याने एका साप्ताहिकासाठी हा प्रसंग रेखाटला होता. म्हणजे बांधलेल्या बाईचा उत्तम तुकडा हातात होता आणि बांधलेल्या बाईची एक कथा डोक्यात. त्याने तिला पांढरा सदरा चढवला, खाली जाड घागरा, कमरेभोवती साखळी, मागे समुद्र. क्ष-किरणांत सदऱ्याखालचं उघडं अंग आजही दिसतं. इथे तिला नाव मिळालं, तारीख मिळाली, कपडे मिळाले, आणि कोणाची हरकत राहिली नाही. फक्त सोडवायला येणारा कोणी उरला नाही. जो चेहरा एका चित्रात शिलेदाराकडे बघत होता, तोच आता भरतीच्या पाण्यात उभा आहे.

तुम्ही विचारलंत, ती शिलेदाराकडे का बघत नाही. आता उत्तर असं: तिने मान फिरवलेली नाही. तिची मान गिऱ्हाइकाने फिरवली. पण एकदा फिरवल्यावर चित्राचा अर्थ बदलला, आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की काही बाबतींत तो जास्त खरा झाला. नुकतंच जिच्यावर हे गुदरलंय ती बाई, तिसऱ्याच अनोळखी हत्यारबंद पुरुषाच्या डोळ्यांत कृतज्ञतेने बघेल? ती तोंडच फिरवेल. मिलेने शालीनतेसाठी केलेली दुरुस्ती दुःखाच्या अंगाने वाचता येते. मात्र रचना म्हणून पहिलं रूप सरस असणार असं माझं मत आहे. दोघांच्या नजरेची एक रेघ चित्राला आडवी बांधून ठेवत असणार. आता दोन माणसं एका झाडाला टेकून आपापल्या विचारात आहेत. मिलेने एवढं मोठं नग्नचित्र पुन्हा केलं नाही, यातही बरंच आलं. पुढे चित्र साखरवाल्या हेन्री टेटकडे गेलं आणि १८९४ मध्ये त्याने देशाला दिलेल्या संग्रहातून गॅलरीत आलं.

आता चिलखत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोलादाचा “रंग” शोधणं. काळ्या-पांढऱ्यातून राखाडी कालवून भरलं की चिलखत ऑइलपेंट मारलेल्या कपाटासारखं दिसतं. पोलादाला स्वतःचा रंग नसतो, शेजाऱ्याचा असतो. रानात आकाशाकडची बाजू निळसर, मातीकडची तपकिरी, आणि शेजारी उघडं अंग असेल तर त्या बाजूच्या कडेला ऊब आलीच पाहिजे. कातडीच्या मऊ कडा आणि पोलादाच्या सुरीसारख्या कडा एकमेकींशेजारी ठेवल्या की दोन्ही खऱ्या वाटतात. या विषयात चित्रकार इतके का अडकले त्याचं निम्मं कारण इथेच आहे असं मला वाटतं.

सराव घरीच करा. स्टीलचा उभा डबा घ्या, शेजारी भगवं किंवा गुलबट सुती कापड टाका, एकाच बाजूने उजेड येऊ द्या. आधी डब्यावरचे फक्त काळे आकार काढा. ते डब्यासारखे दिसत नाहीत, वाकड्या खिडकीसारखे दिसतात, तेच बरोबर. मग मधल्या छटा. ठिणगीसारखा पांढरा सगळ्यात शेवटी, आणि दोन-तीन ठिकाणीच, जाड, एका फटक्यात. सफेदा शिशाचा आणू नका, तो विषारी आहे, टायटॅनियम चालतो. गार छटा ओल्या रंगात घोळू नका, खालचं वाळल्यावर पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, द्या. जवसाचं तेल बेताने, नाहीतर वर्षभरात पिवळं पडून तुमचं पोलाद पितळ होईल.

आणि डब्यात दोन किलो तांदूळ भरून ठेवा. रिकामा डबा धक्क्याने हलतो, आणि बोटभर सरकला तरी त्यातलं सगळं प्रतिबिंब बदलतं, मग सकाळचे काळे आकार दुपारी कशाशीच जुळत नाहीत.